पैसे सहा इंचांचे, लिफ्ट चार इंचांची

अटलांटाच्या दक्षिणेला पीचट्री सिटीत आम्ही नऊ वर्षं राहतोय. इथे गावभर शंभर मैलांहून लांब वाटांचं जाळं आहे. त्यावर मोटारी नाहीत, फक्त चालणारे, सायकली आणि गोल्फ कार्ट. शाळा, किराणा, तळं, सगळीकडे कार्टनेच जायचं. गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी यायचे होते. घरामागच्या वाटेवर पाइनच्या मुळांनी डांबर जागोजागी वर उचललंय. बाबांच्या मणक्याला हादरे बसू नयेत म्हणून आमची विजेवरची कार्ट उंच करून मोठे टायर घालायचं ठरवलं.

एक जण व्हॅन घेऊन दारात येऊन काम करून देतो असं कळलं. बोलायला अतिशय नम्र, दर दुकानापेक्षा चारशे डॉलरने कमी. त्याने कागदावर लिहून दिलं: सहा इंचांचं डबल ए-आर्म लिफ्ट किट (पुढच्या चाकांना ए आकाराचे दुहेरी दांडे लावून गाडी उंच करणारा संच), २२ इंची कोरे टायर, २ गेजच्या जाड केबल (गेजचा आकडा जितका लहान तितकी केबल जाड), मोटरला करंट पुरवणारा ४०० अँपिअरचा कंट्रोलर आणि अलाइनमेंट, म्हणजे पुढची चाकं सरळ रेषेत लावणं. एकूण ३,२०० डॉलर. निम्मे मी आधी क्रेडिट कार्डाने दिले.

सकाळी काम सुरू करण्याआधी त्याने माझ्यासमोर जमिनीपासून पाय ठेवायच्या फळीपर्यंत टेप लावला आणि आकडा लिहून ठेवला. संध्याकाळी पुन्हा लावला. बरोबर सहा इंच वाढले होते. मी उरलेले पैसे रोख मोजून दिले.

फसवणूक नेमकी इथे झाली. मूळ टायर १८ इंची होते, नवे २२ इंची. व्यास चार इंचांनी वाढला की गाडी नुसत्या टायरनेच दोन इंच वर जाते. म्हणजे किट चारच इंचांचं होतं. तेही डबल ए-आर्म नव्हे, स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो आस) बदलून बसवायचं सर्वांत स्वस्तातलं. लिफ्ट मोजायची ती चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरपर्यंत, आधी आणि नंतर. जमिनीपासून कोणी मापं दाखवत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

पहिल्याच आठवड्यात पूर्ण वळण घेतलं की पुढचा टायर बॉडीला घासायला लागला. फोन केला तर म्हणाला, "नवं रबर आहे, बसेल हळूहळू." मी विश्वास ठेवला. मग एका संध्याकाळी रस्त्याखालच्या बोगद्याकडे जाणाऱ्या उतारावर मी ब्रेक दाबला आणि गाडी नेहमीच्या जागी थांबलीच नाही. समोर एक मुलगी सायकलवर. मी गवतात घातली. गाडी डाव्या अंगाला इतकी कलली की बाबांनी दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. कोणाला खरचटलंही नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या मेकॅनिकने गाडी उचलून खालून दाखवली. आमच्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत. चाक मोठं झालं की त्याच ब्रेकची पकड साधारण १८ टक्क्यांनी कमी होते, विजेच्या मोटरचा जोरही तेवढाच उतरतो. म्हणूनच जास्त करंट पेलणारा कंट्रोलर आणि जाड केबल लागतात. आमच्या केबलवर मूळचा ६ गेजचा छाप तसाच होता. कंट्रोलरवर ४०० अँपिअरचं चकचकीत स्टिकर होतं. मी नखाने त्याचा कोपरा उचलला, तर खाली कंपनीचं जुनं लेबल, २५० अँपिअरचं.

मग त्याने माझा हात पुढच्या टायरवर ठेवला. एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर करवतीचे दाते. अलाइनमेंट केलेलंच नव्हतं. हे घरीही तपासता येतं: स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्ही पुढच्या टायरांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजायचं. पुढचं एखादं सूत कमी हवं. आमचं सहा सूत जास्त होतं, म्हणजे पाऊण इंच. आणि ते कोरे टायर? बाजूवर डॉटच्या (DOT, अमेरिकेच्या परिवहन खात्याचा कोड) ओळीत शेवटचे चार आकडे २३१५. २०१५ सालचा तेविसावा आठवडा. वरून पॉलिश मारलेलं होतं.

आणखी एक गोष्ट त्या व्हॅनवाल्याने सांगितलीच नव्हती. आमची गाडी ताशी १९ मैल जायची, मोठ्या टायरांमुळे सपाटीवर २३ पर्यंत जाऊ लागली. ताशी २० मैलांच्या वर गेली की १९९८ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे ती कार्ट राहत नाही, कमी वेगाचं वाहन ठरते. मग सीटबेल्ट, दिवे, इंडिकेटर, आरसे, सगळं लागतं. वेगाची मर्यादा आम्ही आता कंट्रोलरमधूनच खाली आणून घेतली.

कार्डावरचे १,६०० डॉलर बँकेकडे तक्रार केल्यावर परत मिळाले, कारण लेखी यादी, स्टिकरचा आणि टायरवरच्या आकड्यांचा फोटो हातात होता. रोख दिलेले गेले. जॉर्जियात १५,००० डॉलरपर्यंतचा दावा मॅजिस्ट्रेट कोर्टात वकिलाशिवाय लावता येतो, पण समन्स पोचवायला पत्ता लागतो. माझ्या कागदावर त्याचं नुसतं पहिलं नाव आणि फोन नंबर आहे, आणि तो नंबर बंद आहे.

गाडी आता नीट करून घेतली आहे. बाबा मात्र परत जाईपर्यंत तिच्यात बसले नाहीत. तळ्यापर्यंत चालत जायचे, मध्ये मध्ये पाइनला हात टेकवून थांबत.