कॉलेजात आलेली कंपनीही खोटी निघू शकते

आम्ही २३ जण फसलो. माझे २०,८६० रुपये गेले. लिहायची लाज वाटतेय, तरी लिहिते.

ही व्हॉट्सॲपवरची नोकरी नव्हती. रत्नागिरीत, आमच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये, प्लेसमेंट सेलच्या नोटिशीवरून आलेली कंपनी. ॲप्टिट्यूड, ग्रुप डिस्कशन, एचआर राउंड, सगळं रीतसर. पोस्टिंग हिंजवडी. ‘शिकलेली पोर फसलीच कशी’ म्हणणाऱ्यांनी त्या हॉलमध्ये बसून बघायचं होतं.

ऑफर लेटर कॉलेजमार्फत न येता थेट माझ्या जीमेलवर आलं. तेही साध्या जीमेलवरूनच. आधी व्हेरिफिकेशनचे २,०००, वर जीएसटी धरून २,३६०. चार दिवसांनी लॅपटॉपचं डिपॉझिट १८,५००, म्हणे पहिल्या पगारात परत. बाबांनी ते वाशीच्या दलालाकडून आंब्याच्या मोहोराच्या फवारणीसाठी घेतलेल्या उचलीतून काढून दिले. क्यूआर स्कॅन केला तर कंपनीचं नाव नाही, कुठल्याशा बाईचं. बोट थांबलं माझं. फोन लावला. ‘अकाउंट्सच्या मॅडम आहेत’ म्हणाले. आणि मी पिन टाकला! ते नाव अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पावतीवरचा जीएसटी नंबर नंतर मोजला, १३ अक्षरं. खरा १५ चा असतो.

ट्रेनिंगच्या दिवशी रात्रीच्या एसटीने हिंजवडी गाठली. वॉचमन म्हणाला, ‘सकाळपासून तुम्ही चौथ्या.’

कॉलेज म्हणतं, आम्ही फक्त हॉल दिला. मग नोटिशीवर शिक्का कोणाचा? इथलं ठाणं म्हणतं कंपनी पुण्याची, तिकडे जा. तिकडचे म्हणतात पैसे रत्नागिरीतून गेले, तिकडेच द्या. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द आपली नसली तरी नोंदवायची तक्रार, कुठल्याही ठाण्यात घ्यावा लागतो, हे मला माहीत नव्हतं. त्यांना तरी होतं ना? बँकेचं एकच, पिन तुम्हीच टाकलात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मी सहाव्या दिवशी फोन केला, तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. तुम्ही त्याच तासाला करा. आणि कंपनीचा २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, मागून कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर टाकून बघा. नोकरी देणारा पैसे मागतो तिथेच उठा, हॉल कोणाचाही असो.

फेब्रुवारीत खरी कंपनी आली. ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ नियमाने आम्हाला बसू दिलं नाही. रेकॉर्डला आम्ही प्लेस्ड! माहितीपत्रकात आमचे २३ फोटो अजून आहेत. काढा म्हणून अर्ज दिलाय, त्याची पोचही दिलेली नाही.