नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळचे टायपिंगवाले काका: अपील लिहून घ्यायचं असेल तर

आमचे मिस्टर पंचवटीच्या मार्केट यार्डात हमाली करायचे. पोत्यांची थप्पी अंगावर आली आणि डावा पाय कामातून गेला. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरला, तो नामंजूर. अपंगत्वाच्या दाखल्यावर 36 टक्के, लागतं किमान 40.

मी तावातावाने काकांच्या टेबलावर गेले. म्हटलं, तहसीलदारांच्या विरोधात अपील लिहा. काका म्हणाले, "ताई, टक्के त्यांच्या हातात नसतात. दाखल्याच्या विरोधातच अपील करायचं. 2016 च्या अपंग कायद्यात 59 कलम आहे त्यासाठी." मग कालनिर्णयवर बोट ठेवून दाखल्याच्या तारखेपासून दिवस मोजले. मुदत 90 दिवसांची, आमचे 71 उलटलेले. माझ्या पोटात गोळाच आला.

घरून मी एक कागद लिहून नेला होता, "आम्ही फार गरीब आहोत, दया करावी" असा. काकांनी त्यावर सरळ रेघ मारली आणि मिस्टरांच्या पायाकडे बघत विचारलं, "चप्पल सुतळीने का बांधलीय?" पाऊल वर उचलत नाही, चप्पल गळून पडते, म्हणून. दाखल्यात नुसता गुडघा होता, घोट्याचं नावच नाही! अपिलात त्यांनी तेच लिहिलं, सुतळीसकट. नसांच्या तपासणीचा रिपोर्ट घरात गादीखाली पडून होता, तो जोडायला लावला.

फेरतपासणीत 44 टक्के आले. त्यावर निराधारचा अर्ज पुन्हा भरला, यंदा मंजूर झाला. ऑक्टोबर 2025 पासून अपंगांना महिन्याला 2,500 झालेत, आधी 1,500 होते.

आता तक्रारी. पहिल्या प्रिंटमध्ये मिस्टरांचं आडनाव चुकलं होतं, आणि दुसऱ्या प्रिंटचे 20 रुपये मलाच मागितले. मी दिले नाहीत. बसायला एकच स्टूल, त्यावरही काकांची पिशवी. अपंग माणसाला घेऊन जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. लिहिण्याचे 150 घेतले, झेरॉक्स वेगळी. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका, हे मात्र त्यांनी तीनदा बजावलं.

दीड ते तीन जाऊ नका, काका डबा खाऊन तिथेच डुलकी काढतात.