‘जाहिरातीचं सगळं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्यापासून जपा

घरी फराळ, चटण्या, मसाले, पापड करून विकणाऱ्या बायकांसाठी हे लिहितेय. ‘ऑनलाइनचं सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त माल करा’ म्हणत कुणी आलं, तर दर विचारण्याआधी एक विचारा: पेज, गूगलवरची नोंद आणि तिच्यावरचा फोन नंबर कुणाच्या ताब्यात राहणार? आमचे पैसे गेले ते थोडे. गिऱ्हाईक गेलं, ते जिव्हारी लागलं.

आम्ही बेळगावातल्या शहापूरच्या. सासूबाई ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी करतात, दिवाळीत फराळ. हिशेब आणि फोन माझ्याकडे. वडगाव, अनगोळ, टिळकवाडीतली घरं तोंडी ओळखीनं जोडलेली. त्यातली निम्मी अशी, की मुलगा पुण्याला नाहीतर बेंगळुरूला. कडक भाकरी टिकते, तेव्हा पोरगं परत निघालं की बॅगेत भाकरीचा गठ्ठा आणि चटणीची पिशवी ठरलेली. धंदा थोडा वाढवावा म्हणून एका प्रदर्शनात स्टॉल घेतला. ‘ऑनलाइनचं सगळं बघतो’ म्हणणारा तो माणूस तिथं भेटला.

अस्खलित मराठी बोलणारा, सासूबाईंना पहिल्याच वाक्यात ‘मावशी’ म्हणणारा. बेळगावात याचा किती परिणाम होतो हे बाहेरच्यांच्या लक्षात यायचं नाही. आमच्याकडे ऑफिसातला बराचसा कागद कन्नडमध्ये येतो. सासूबाईंना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. ‘कन्नडमधलं मी बघतो मावशी, तुम्ही कशाला तकलीफ घेता’ म्हटल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, ‘आपलाच माणूस हाय की.’ हा भरवसाच तो विकत होता, असं माझं आताचं मत.

तीन महिन्यांचे साडेसहा हजार. त्यात फेसबुक पेज, गूगल मॅपवर नोंद, मराठी आणि कन्नडमध्ये रोज जाहिरात, वर पाच हजार फॉलोअर. अन्न परवाना काढून द्यायचे अडीच हजार वेगळे. परवान्याची आमची साधी नोंदणी आधीच झाली होती. तेव्हाच्या नियमानं वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत म्हणून ती सरकारी साइटवर घरबसल्या झाली, फी तेव्हा वर्षाला १०० रुपये. तेव्हा तो विषय तिथंच संपला. शेजारच्या स्टॉलवरच्या बाईंनी मात्र ते अडीच हजार दिले.

फॉलोअर खरंच आले. बिनफोटोचे, चित्रविचित्र नावांचे, आणि भाकरीचा भाव विचारणारा त्यांत एकही नाही. रोज रात्री ‘आज इतक्या लोकांनी पाहिलं’ असा स्क्रीनशॉट यायचा. मेटाची, म्हणजे फेसबुकच्या कंपनीची, ॲड लायब्ररी म्हणून एक पान आहे, कुणालाही फुकट उघडता येतं. पेजचं नाव टाकलं की त्या घडीला कुठल्या जाहिराती चालू आहेत ते दिसतं. ‘आज चालू आहे’ असं तो म्हणाला त्याच दिवशी मी पाहिलं, आमच्या नावावर काहीच नव्हतं. जाहिरात खरंच चालली तर मेटाची पावती येते, तिच्यात १८ टक्के जीएसटीही लागलेला असतो. ती मागितली तर म्हणाला, ‘ऑफिसच्या अकाउंटवरनं होतं वहिनी, सगळ्यांचं एकत्र बिल येतं.’

मुदत संपली, पुढचे पैसे आम्ही नाकारले. इथपर्यंत निकृष्ट काम म्हणून सोडून दिलं असतं.

दसरा झाला तरी फराळाचे फोन नेहमीसारखे येईनात. मग एका संध्याकाळी वडगावचं एक जोडपं रिकामी पिशवी घेऊन दारात. ‘ॲडव्हान्स भरलाय, चकल्या न्यायला आलो.’ फोनमध्ये त्यांनी दाखवलं: गूगलवर आमचं नाव, सासूबाईंच्या चकल्यांचे आम्हीच दिलेले फोटो, आणि खाली त्याचा नंबर. ती नोंद त्यानं स्वतःच्या ईमेलवरून केली होती. आधी नंबर आमचा ठेवला होता, पैसे बंद झाल्यावर बदलला. आमच्या नावानं ऑर्डर घ्यायची, क्यूआर कोड पाठवायचा, निम्मे पैसे घ्यायचे, मग फोन उचलायचा नाही.

आणखीही लोक आले. सासूबाईंनी त्या जोडप्याला रिकाम्या हातानं पाठवलं नाही. बाकीच्यांनाही जमेल तसं दिलं. मी वाद घातला तर म्हणाल्या, ‘नाव कुणाचं बघून आलीत ती?’ यावर बोलायला काही उरत नाही. त्या दिवाळीत आमच्या हातात काही राहिलं नाही, हेही खरं.

तक्रारीबद्दल. ऑनलाइन पैसे गेले की १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. रक्कम समोरच्या खात्यातून पुढे सरकली नसेल तर थांबवता येते, म्हणून उशीर नको. आणि हा फोन ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यानं करायचा. आमचं घोडं इथंच अडलं. ‘पाचशे रुपयांसाठी कोण पोलिसांत जाणार’ म्हणत बहुतेकांनी सोडून दिलं. रकमा लहान ठेवण्यात त्याची हुशारी ती हीच. आमच्या नावाचा गैरवापर म्हणून आम्ही सगळे मेसेज, क्यूआरचे फोटो आणि त्याला पैसे दिल्याची नोंद जोडून सायबर पोलिसांकडे तक्रार दिली आहे.

गूगलवरची नोंद परत मिळाली. नोंदीची मालकी मागायची सोय गूगलमध्येच आहे. आधीच्या मालकाला विचारलं जातं, त्यानं उत्तर दिलं नाही तर आपल्याला पडताळणी करून घेता येते. आमच्याकडून व्हिडिओ मागितला: गल्ली, दारावरची पाटी, स्वयंपाकघर, सगळं न थांबता एका दमात. पाटी होती म्हणून बरं, वर कन्नड, खाली मराठी. फेसबुक पेज काही मिळालं नाही. पेजचं पूर्ण नियंत्रण त्या माणसाकडेच, आम्हाला फक्त पोस्ट टाकायची मुभा होती. नवीन उघडलं.

आता नोंद, पेज, जाहिरातीचं खातं, सगळं घरच्या ईमेलवर आणि माझ्या नंबरवर आहे. कुणाला काम द्यायचंच झालं तर गूगलवर ‘मॅनेजर’ म्हणून जोडता येतं, नको तेव्हा काढता येतं. पासवर्ड द्यावा लागत नाही. गूगलची नोंद फुकट, व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉगही फुकट. भाव तिथंच लिहिलेत, त्यामुळं निम्मे फोन वाचतात. सणाच्या आधी थोडी जाहिरात मीच लावते, फक्त बेळगाव आणि खानापूरपुरती. कन्नड मजकूर समोरच्या घरातल्या अक्का तपासून देतात, बदल्यात शेंगाचटणी नेतात. सगळ्यात जास्त ऑर्डरी अजून मालाच्या पाकिटात घातलेल्या आमच्या नंबराच्या चिठ्ठीवरूनच येतात.

तो माणूस सध्या निपाणी भागात संक्रांतीचा तिळगूळ करणाऱ्या बायकांना गाठतोय, असं तिथल्या एका ओळखीच्या बाईंनी कळवलं. त्यांना त्यानं कन्नडमधलं बघून देतो म्हटलंय, दरही तोच, साडेसहा हजार. आमच्याकडचे स्क्रीनशॉट त्यांना पाठवलेत.