जुना टँक रीफ करायचा की शेजारी नवा लावायचा?

खाऱ्या पाण्यातले मासे काही वर्षं नीट सांभाळले की कोरलची, म्हणजे प्रवाळांची, ओढ लागतेच. मग पेच पडतो: हॉलमध्ये आहे तोच चार फुटी टँक रीफ, म्हणजे कोरलचा, करायचा, की मासे तिथे सुखानं राहू द्यायचे आणि शेजारी दोन फुटी नवा रीफ टँक लावायचा? बडोद्यातले ओळखीचे दोघं-तिघं सध्या नेमके इथेच अडकलेत. मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून विचारणा माझ्याकडे होते. एक अख्खा उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा दोन्ही टँक माझ्याकडे एकाच भिंतीला लागून होते. आता एकच आहे. कुठला, ते पुढे येईलच. आधी जो राहिला नाही त्याची बाजू मांडतो, कारण कागदावर तीच वरचढ आहे.

त्याआधी दोन्हींना लागू असलेली एक गोष्ट. आपल्याकडे घरातला रीफ म्हणजे मऊ कोरलचाच रीफ. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. कोणी पिशवीत बांधून कितीही गोड बोलून पुढे केले तरी घ्यायचे नाहीत. ते बघायचे असतील तर आपण गुजरातेत राहतो हे आपलं भाग्य. जामनगरकडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात नराऱ्याला ओहोटीच्या वेळी घोटाभर पाण्यातून चालत जाऊन ते जिवंत बघता येतात. घरात ठेवायला मशरूम, लेदर, स्टार पॉलिप, झोअँथिड एवढी मंडळी पुरेशी रंगीत आहेत. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका. त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं आणि त्याची वाफ माणसाला दवाखान्यात पोचवते.

मऊ कोरलला कॅल्शियमची भूक बेताची असते. त्यामुळे कॅल्शियम पुरवणारे डोसिंग पंप, रिअ‍ॅक्टर वगैरे खर्च या तुलनेतून बाहेरच राहतात. लाइटचंही तसंच. निळ्या अंगाचा साधारण बरा एलईडी दोन्हीकडे लागतो, छोट्याला एक, मोठ्याला दोन. एवढाच फरक.

आता नव्या टँकची बाजू. पहिला मुद्दा औषधाचा, आणि तो एकटाच काहींचा निकाल लावतो. जुन्या टँकमध्ये पांढऱ्या ठिपक्यांसाठी कधीही तांब्याचं औषध पडलं असेल, तर पुढचं वाचायची तशी गरज नाही, नवाच लावा. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास तांबं मासे सोसतात, पण गोगलगायी, कोळंबी आणि कोरल त्याहून बऱ्याच कमी मात्रेत जातात. शिवाय तांबं पाण्यातून गेलं तरी दगड आणि वाळूत बसतं आणि पुढे हळूहळू सुटत राहतं. माझ्याकडे आजारी मासा नेहमी वेगळ्या टबात जायचा, म्हणून मला हा पर्याय उघडा राहिला.

दुसरा मुद्दा मासे बाहेर काढण्याचा. ट्रिगर, पफर, मोठे एंजल, बहुतेक बटरफ्लाय यांना कोरलसोबत ठेवणं म्हणजे शेळीला तुळशीची राखण सांगणं. ते काढावेच लागतात. बटरफ्लाय जाळीत येतो. ट्रिगर येत नाही. तो दगडाच्या फटीत शिरतो, पाठीवरचा काटा उभा करून स्वतःला अडकवून घेतो आणि मग त्याला ओढून काढणं म्हणजे त्याला जखमी करणं. त्यासाठी दगड एकेक करून उपसावे लागतात, पाणी निम्म्याच्या खाली आणावं लागतं, आणि रविवार जातो. शेजारी नवा टँक लावणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. माझा पिकासो ट्रिगर आता कारेलीबागेत एका मोठ्या टँकमध्ये मजेत आहे आणि तिथल्या माणसाचं बोट चावतो, असं कळतं.

तिसरा मुद्दा फॉस्फेटचा. वर्षानुवर्षं कोळंबी आणि गोठवलेलं खाणं घातलेल्या टँकमधल्या दगडात फॉस्फेट मुरलेलं असतं. माझे दगड सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचे, पण चुनखडीच्या कुठल्याही दगडाचं वागणं हेच. तुम्ही पाणी बदलता, टेस्ट छान येते, आणि आठवड्यात आकडा परत वर, कारण दगड आपली शिल्लक सोडत असतो. त्यावर केसाळ शेवाळ येतं. आयर्न ऑक्साइडचे दाणे लावायचे, ते संपले की बदलायचे आणि धीर धरायचा, याला दुसरा सोपा इलाज मला माहीत नाही. स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) आधीच्या डब्यातल्या सिरॅमिक रिंगा आणि तळातली जाड वाळूही काढावी लागते, कारण तिथे घाण साठून नायट्रेट तयार होत राहतं. मात्र सगळं एका दमात नाही. दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं, नाहीतर अमोनिया चढतो.

इथवर वाचून कोणीही म्हणेल की नवाच लावा. दगड स्वच्छ, वाळू स्वच्छ, कुणाला पकडायचं नाही. मीही याच हिशोबानं दोन फुटी टँक लावला आणि खरं सांगायचं तर पहिले काही महिने तो मोठ्यापेक्षा देखणा होता.

मग मे महिना आला.

बडोद्याचा मे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पारा किती चढतो हे सांगायला नको. पाणी २८ च्या वर जाऊ नये म्हणून दोन्ही टँकवर छोटे पंखे लावले. चिलर घ्यायचा नव्हता, कारण तो पाण्यातली उष्णता काढतो आणि त्याच हॉलमध्ये ओततो. मग हॉलसाठी एसी वाढवा, असं ते चक्र आहे. पंखा मात्र कोरड्या हवेत कमाल करतो. एक लिटर पाणी उडून जाताना इतकी उष्णता नेतं की शंभर लिटर पाणी साधारण पाच-सहा अंशांनी उतरावं. पण त्याचा अर्थच हा की पाणी उडतं, आणि भरपूर उडतं.

दोन फुटी टँकमध्ये दगड-वाळू वजा जाता पाणी जेमतेम ४५ लिटर. पंख्याखाली दिवसाला एक सेंटिमीटर पातळी उतरली तर ते झाले पावणेदोन लिटर, म्हणजे चार टक्के. मीठ उडत नाही, ते तिथेच राहतं. ३५ ची क्षारता (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ) एका दिवसात साडेछत्तीसच्या घरात जाते, तीन दिवस कोणी पाहिलं नाही तर चाळिशीजवळ. लेदर कोरल त्या आधीच मिटून रुसून बसतं. मोठ्या टँकमध्ये त्याच वेगानं पाच-साडेपाच लिटर उडतात, पण सम्प (खालच्या कपाटातली जोडटाकी) धरून पाणी अडीचशे लिटर, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. ओतावं जास्त लागतं, पण बिघडतं निम्म्यानं.

हा झाला हिशोब. मला बेजार केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. छोट्या टँकला सम्प नाही, त्यामुळे पाण्याची पातळी थेट समोरच्या काचेत उतरते. मागे टांगलेल्या फिल्टरमधून पडणारं पाणी मग वरून पडायला लागतं आणि त्याचा धबधब्यासारखा आवाज वाढत जातो. संध्याकाळी बातम्यांचा आवाज वाढवावा लागतो. रात्री वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा पंप) पातळीच्या वर उघडा पडून हवा ओढतो आणि गुरगुरतो. काचेवर खाली सरकत जाणाऱ्या मिठाच्या पांढऱ्या रेघा वेगळ्याच. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी मी जग घेऊन टँकपाशी उभा, रात्री झोपायच्या आधी परत. मोठ्या टँकमध्ये समोरची पातळी वर्षभर जिथल्या तिथे असते. कमी-जास्त जे होतं ते खाली कपाटात, सम्पच्या शेवटच्या कप्प्यात, जिथे कोणाला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही.

आणि मे म्हणजे आपल्याकडे लग्नं. मुलांना सुट्ट्या, पुण्याला कोणाची मुंज, कोल्हापूरला कोणाचं केळवण. चार दिवस घर बंद ठेवायचं म्हटलं की छोटा टँक दाराशी आडवा. शेजारच्या मासींना किल्ली दिली आणि रोज दोन लिटर पाणी घालायला सांगितलं. त्यांचा प्रश्न रास्त होता: खाऱ्या टँकमध्ये गोडं पाणी का घालायचं? मीठ उडत नाही हे त्यांना पटलं, पण पुण्यात मांडवात बसून मला त्यांना रोज दोनदा फोन करावासा वाटायचा. हे बरं नव्हे.

यावर पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारा ऑटो टॉप-अप आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे, आणि मी तो दोन्हींना लावून पाहिला. छोट्यामध्ये सेन्सर समोरच्या काचेला चिकटवावा लागतो आणि पाण्याचा वीस लिटरचा जार हॉलमध्ये उघड्यावर ठेवावा लागतो. तेही चालवून घेतलं असतं. पण सेन्सरवर गोगलगाय बसली आणि पंप चालूच राहिला, तर वीस लिटर गोडं पाणी ४५ लिटरच्या टँकमध्ये जातं. जमिनीवर तळं, आणि कोरल संपले. तेच वीस लिटर मोठ्या टँकमध्ये गेले तर क्षारता ३२-३३ वर येते. कोरल नाराज होतात, मरत नाहीत. मला रात्री झोप लागायला हा फरक पुरला.

पाणी अर्थात आरओचं हवं. स्वयंपाकघरातल्या मशिनचं वापरणार असाल तर त्यातला टीडीएस कंट्रोलर आधी बघा. चवीसाठी तो मूळ पाणी परत मिसळतो आणि रोज वरून ओतायच्या पाण्यात ते नको. मोठ्या टँकला टॉप-अप जास्त लागतो याचा एक फायदाही आहे: त्याच पाण्यातून चुन्याची निवळी देता येते. लिटरला दीड ग्रॅमपर्यंतच चुना विरघळतो, वरची निवळी घ्यायची, गाळ नाही. पानवाल्याचा चुना नको, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. मऊ कोरलला एवढीही गरज नसते, पण काचेवर जांभळट थर छान येतो आणि मला तो आवडतो.

पावसाळ्यात छोट्या टँकला न्याय द्यायला हवा. जुलैत हवा ओली झाली की पंखे निकामी होतात, पाणी उडत नाही आणि थंडही होत नाही. तेव्हा दोन्ही टँक सारखेच चिंतेत टाकतात. आणि वीज गेली तर छोटाच बरा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा बऱ्याच भागांत वीज बराच वेळ नव्हती. छोट्याचा एक इवलासा पंप घरच्या इन्व्हर्टरवर दिवसभर चालू शकतो. मोठ्याचा सम्पमधून पाणी वर चढवणारा रिटर्न पंप आणि स्किमर चालवायचे तर इन्व्हर्टर बसतो. तिथे मी वेव्हमेकर आणि बॅटरीवरचा हवेचा पंप एवढंच चालू ठेवायचं ठरवलंय.

एक गोष्ट मात्र विकत मिळत नाही, ती म्हणजे जुन्या टँकमधले जीवाणू. नव्या टँकमध्ये महिना-दीड महिना सायकल, म्हणजे हे जीवाणू वसेपर्यंतची वाट, मग तपकिरी डायटम, मग लाल चिकट थर, मग हिरवं, असं एकामागून एक. फार स्वच्छ, फार कोरे दगड असले तर डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव येतात आणि ते शेवाळापेक्षा चिवट. जुन्या टँकनं हे सगळं कधीच सोसून झालेलं असतं. त्याचं दुखणं एकच, फॉस्फेट, आणि ते मोजता येतं. माझ्याकडे ते लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या खाली यायला पावसाळा आणि हिवाळा दोन्ही गेले, पण एकदा आलं ते परत चढलं नाही.

तेव्हा शेवटी छोट्यातले कोरल मोठ्यात हलवले आणि छोटा टँक आता नवे मासे वेगळे ठेवायला वापरतो. हे माझं. भाड्याच्या घरात असाल, दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या लाकडी माळ्यावर राहत असाल जिथे तीन-साडेतीनशे किलो ठेवायला जीव धजत नाही, किंवा ट्रिगर हाच तुमचा लाडका असेल, तर छोटा लावा आणि त्याला काहीही करून खाली सम्प जोडा, बादलीएवढा असला तरी. तांब्याचं वर सांगितलंच. बाकीच्यांना मी जुनाच रीफ करा असं सुचवेन, फार आग्रह न धरता.

करायचाच असेल तर दिवाळीनंतर सुरू करा. हवा थंड असते, पाणी उपसताना मासे दमत नाहीत, आणि दगडातलं फॉस्फेट निम्मं तरी उतरायला मेच्या आधी सहा महिने हातात राहतात. पहिलं काम ट्रिगर काढण्याचं. त्यानंतर वाळू, आणि कोरलची पहिली पिशवी थेट फेब्रुवारीत.