मिटिऑर ३५० वर पुणे–बेळगाव: १४ महिने आणि १६,००० किलोमीटरनंतर

माझी आई बेळगावात राहते आणि मी पुण्यात. महिन्यातून एकदा, कधी दोनदा, हे सुमारे ३४० किलोमीटरचे अंतर मी रॉयल एनफिल्डच्या मिटिऑर ३५० वर जातो आणि येतो. गाडी घेऊन १४ महिने झाले. गेल्या आठवड्यात ओडोमीटरने १६,००० चा आकडा ओलांडला आणि त्यातले निम्म्याहून कितीतरी अधिक अंतर या एकाच रस्त्यावरचे आहे. शहरातल्या वापराबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते एवढ्याच प्रश्नाबद्दल, की मध्यम क्षमतेची गाडी महामार्गाच्या वेगाने सहा-सात तास चालवून माणूस धड अवस्थेत घरी पोहोचतो का. माझे उत्तर आज स्वच्छ होकारार्थी आहे, पण पहिल्या तीन-चार महिन्यांत ते तसे नव्हते, आणि मधल्या काळात गाडीच्या इंजिनात काहीही बदललेले नाही.

गाडीची ओळख थोडक्यात करून देतो. मिटिऑर नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आली. एक सिलिंडरचे, ३४९ सीसीचे, हवा आणि तेलाने थंड होणारे इंजिन ६१०० आरपीएमला (म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्यांना) २०.२ बीएचपी आणि ४००० आरपीएमला २७ न्यूटन-मीटर टॉर्क देते. बोर ७२ आणि स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल सिलिंडरच्या व्यासापेक्षा बरीच लांब आहे. अशा इंजिनाचा जोर खालच्या आणि मधल्या आरपीएममध्ये असतो. थरथर कमी करणाऱ्या बॅलन्सर शाफ्टमुळे ते समजूतदारपणे फिरते. गाडीचे वजन १९१ किलो, टाकी १५ लिटरची आणि सीटची उंची ७६५ मिलिमीटर. माझी गाडी मिटिऑरच्या फायरबॉल या प्रकारातली आहे. तिला मुळात पुढे काच नाही आणि मागे पाठ टेकायला आधार नाही.

सुरुवातीच्या फेऱ्यांत मी रस्ता मोकळा मिळाला की काटा १०० वर नेऊन ठेवत असे. गाडी तक्रार करत नव्हती, पण बेळगावात उतरल्यावर कानात तासभर घोंघावत राहायचे, उजव्या हाताची शेवटची दोन बोटे बधिर झालेली असायची आणि आईने पुढे केलेला पाण्याचा तांब्या धरतानाही मनगट थरथरायचे. यात दोष वेगाचा आणि माझा होता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी ८० वरून १०० वर गेले की वारा दीडपटीहून जास्त जोराने ढकलतो आणि केवळ तो कापण्यासाठी इंजिनाला जवळजवळ दुप्पट शक्ती खर्चावी लागते. वीस बीएचपीच्या गाडीत मग चढासाठी किंवा ट्रक ओलांडण्यासाठी हाताशी फारसे काही उरत नाही. शिवाय एप्रिल २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, हेही मी तेव्हा डोळ्यांआड करत होतो. आता मी स्पीडोमीटरवर ८४-८५ ठेवतो. फोनमधल्या जीपीएसवर तेव्हा बरोबर ८० दिसतात. या वेगाला इंजिन इतके निवांत असते की पाचव्या गिअरमध्ये आवाजात जराही ताण ऐकू येत नाही. मिटिऑरला इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर नाही, त्यामुळे कानावरच विसंबावे लागते, आणि मला ते आवडू लागले आहे.

थकव्याचे खरे कारण मात्र वारा आहे, आणि त्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. ताठ बसण्याच्या गाडीवर आपली छाती शिडासारखी वारा धरते, शरीर मागे ढकलले जाते आणि ते सावरायला आपण नकळत हँडल ओढून धरतो. बोटे बधिर होतात ती यामुळे. म्हणून मी एका दुकानातून बरीच उंच ॲक्रिलिकची काच आणून बसवली. छातीवरचा वारा त्याच दिवशी थांबला, पण कापूरहोळच्या पुढे वेग ७० झाला आणि हेल्मेट असे थडथडू लागले की लांबच्या पाट्यांवरची अक्षरे दुहेरी दिसायला लागली. परत फिरावे असे वाटले. मग एका रिकाम्या सरळ पट्ट्यावर वेग तोच ठेवून मी डोके चार बोटे खाली घेतले, तेव्हा थडथड पूर्ण थांबली. नंतर पाठ ताणून, सीटवरून किंचित उठून डोके वर घेतले, तेव्हाही ती थांबली आणि फक्त स्वच्छ, एकसारखा वारा लागू लागला. याचा अर्थ काचेच्या वरच्या कडेवरून फाटलेली, घुसळलेली हवा नेमकी माझ्या व्हायझरवर येऊन आदळत होती.

यावर दोनच मार्ग होते. काच आणखी उंच करून डोके तिच्या आडोशाला घ्यायचे, किंवा ती कमी करून डोके स्वच्छ हवेत ठेवायचे. उंच काचेतून आरपार पाहत गाडी चालवणे मला पावसात आणि रात्री समोरच्या दिव्यांच्या झोतात धोक्याचे वाटते, म्हणून मी दुसरा मार्ग घेतला. आमच्या पेठेत नावाच्या पाट्या करणारा एक कारागीर आहे. त्याने काचेच्या दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे कड तडकत नाही, बारीक दात्यांच्या पात्याने दोन इंच भाग कापला आणि ओल्या पॉलिश पेपरने कड घासून गुळगुळीत केली. पुढच्या फेरीनंतर आणखी अर्धा इंच कापला. आता वारा जॅकेटच्या कॉलरपाशी लागतो आणि हेल्मेट स्थिर राहते. काच विकत घेताना ती किती उंच आहे हे विचारून भागत नाही. आपली बसल्यावरची उंची आणि ती काच यांचे जमते का, हे रस्त्यावरच कळते. त्यामुळे शक्य असेल तर मित्राच्या गाडीची काच दहा किलोमीटर लावून पाहावी.

दुसरी गोष्ट कानांची. काच कितीही चांगली जमली तरी हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज राहतोच आणि तो तासन् तास ऐकून माणूस थकतो. वर्षानुवर्षे ऐकला तर ऐकू येणेही कमी होते. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग मी वापरतो. ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नुसता कोंबलेला प्लग शिरवळला पोहोचेपर्यंत बाहेर येतो. हॉर्न ऐकू येणार नाही ही भीती मलाही होती. प्रत्यक्षात वाऱ्याचा गोंगाट खाली बसल्यामुळे मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न आणि स्वतःचे इंजिन अधिक स्पष्ट ऐकू येते. माझ्या मते या सगळ्या प्रयत्नांत सर्वांत कमी पैशांत सर्वांत मोठा फरक पडला तो यामुळे.

आडव्या वाऱ्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. जून ते ऑगस्टमध्ये वारा पश्चिमेकडून येतो, आणि हा रस्ता उत्तर-दक्षिण आहे. बेळगावकडे जाताना वारा उजवीकडून लागतो आणि गाडीला रस्त्याच्या डाव्या कडेकडे ढकलतो. परतताना तोच वारा डावीकडून येऊन आपल्याला उजवीकडे, म्हणजे वेगवान गाड्यांच्या बाजूला सरकवतो, म्हणून मला परतीचा प्रवास अधिक सावधपणाचा वाटतो. लांब कंटेनरच्या आडोशातून बाहेर पडण्याचा क्षण विशेष जपण्याचा असतो, कारण वारा काही सेकंद अडलेला असतो आणि एकदम लागतो. अशा वेळी हँडल आवळून धरले तर शरीराचा प्रत्येक हेलकावा हँडलमधून पुढच्या चाकात जातो. गुडघ्यांनी टाकी धरावी, कोपरे सैल सोडावीत आणि गाडीला हातभर इकडेतिकडे सरकू द्यावे. ती स्वतःहून सरळ होते. सामान पाठीवरच्या सॅकमध्ये न घेता दोन्ही बाजूंच्या बॅगांत, शक्य तितके खाली आणि पुढे ठेवल्यापासूनही फरक पडला. मागच्या चाकाच्या पलीकडे उंचावर बांधलेले ओझे पुढचे चाक हलके करते.

बैठकीबद्दल माझे मत असे आहे की क्रूझर गाडीवर पाय पुढे असल्यामुळे शरीराचा भार माकडहाडाकडे जातो, हा त्या बैठकीचा स्वभावच आहे, आणि तो ओळखून बसले तर त्रास बराच कमी होतो. कमरेतून किंचित पुढे झुकून, मांड्यांवर थोडा भार घेऊन बसावे. पोक काढून बसले की शंभर किलोमीटरनंतर पाठ बोलू लागते. मी सीटवर हवेची गादी वापरतो. ती टणक फुगवली तर गाडीवर नव्हे, फुग्यावर बसल्यासारखे वाटते आणि वळणावर पकड सुटते. तळवा टेकवून दाबल्यावर खालची सीट जेमतेम हाताला लागावी, एवढीच हवा ठेवावी. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे नट सैल करून त्या थोड्या खाली फिरवल्या, कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा आली, आणि बधिरपणाचा उरलासुरला भाग गेला. हे काम दहा मिनिटांचे आहे. मी ते पाच महिने केले नव्हते.

एक अनुभव काळजीपूर्वक वाचावा अशी विनंती आहे. कोल्हापूरच्या अलीकडे रुंदीकरणाच्या कामातल्या एका खड्ड्यात पुढच्या टायरला चीर गेली आणि मी वाटेतल्या एका दुकानात नवा टायर घातला. त्यानंतर ७० ते ८० च्या दरम्यान हँडल बारीक थरथरू लागले. त्याखाली नाही आणि ९० च्या आसपासही जवळजवळ नाही. मला आधी स्टिअरिंगच्या बेअरिंगची शंका आली. पुण्यात आल्यावर ओळखीच्या मेकॅनिकने चाक पाहिले आणि रिमवर बॅलन्सिंगचे, म्हणजे चाकाचा भार सर्व बाजूंना सारखा करणारे, एकही वजन नसल्याचे दाखवले. टायर बदलताना ते काढून टाकले गेले होते आणि चाक पुन्हा बॅलन्स केलेच नव्हते. ठरावीक वेगाच्या टप्प्यातच हँडल हलत असेल तर आधी चाकाचे बॅलन्सिंग तपासावे. टायरमधली हवा मी आता निघण्याआधी, चाके थंड असताना, स्वतःच्या गेजने पाहतो, आणि चेनला प्रत्येक फेरीच्या आदल्या संध्याकाळी साफ करून तेल देतो. सैल किंवा कोरडी चेन असली की थ्रॉटल सोडता-धरताना झटके बसतात, आणि दिवसभरात ते शेकडो वेळा बसतात.

घाटांत या गाडीची ताकद मला कधी अपुरी वाटली नाही, फक्त ती वेळेवर मागावी लागते. पुण्याहून जाताना खंबाटकीचा चढ आणि निपाणीच्या पुढे तवंदीचा घाट, दोन्ही ठिकाणी चढ सुरू होण्यापूर्वीच मी चौथा गिअर टाकतो. पाचव्यात इंजिन गुदमरेपर्यंत थांबत नाही. ओव्हरटेकचेही तसेच, जागा दिसल्यावर वेग जमवायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो. पेट्रोलचा हिशेब मी टाकी भरून ठेवत आलो आहे. शंभराच्या वेगाने जात असताना लिटरला ३० ते ३१ किलोमीटर मिळायचे, आता ३६-३७ मिळतात, म्हणजे भरलेल्या टाकीवर बेळगाव गाठून पाच लिटरहून अधिक उरते.

वेग कमी केल्याने किती वेळ गेला, हेही मोजले. ३४० पैकी मोकळा म्हणावा असा रस्ता २०० किलोमीटरच्या आसपास असतो. बाकी गावे, वळणरस्ते, कामे आणि घाट. त्या २०० किलोमीटरला शंभराने दोन तास लागतात आणि ऐंशीने अडीच. हा अर्धा तास पूर्वी मी अंग मोकळे करायला घेतलेल्या लांबलचक थांब्यांत सहज घालवत होतो. आता पहाटे साडेपाचला निघतो. पहिला थांबा साताऱ्याच्या अलीकडे, दुसरा पेठनाक्याला, तिसरा निपाणीला. दर थांब्यावर दहा-पंधरा मिनिटे, तहान लागली नसली तरी पाणी, हेल्मेट काढून मान फिरवणे, आणि पुढे. थकण्याआधी थांबायचे हे पथ्य मी पाळतो, आणि बाराच्या सुमारास घरी जेवायला बसतो. दुपारी झोपावे लागत नाही.

मागे बसणाऱ्याचा प्रश्न मात्र माझ्याकडून अजून सुटलेला नाही. पत्नी दोनदा सोबत आली. मागचे शॉक अब्सॉर्बर सहा टप्प्यांत कडक करता येतात. मी ते दोन टप्पे वाढवले, तेव्हा गाडीचे बसणे आणि हेडलाइटचा झोत दोन्ही ठीक झाले. पण पाठीला आधार नसल्यामुळे तिला कराडच्या पुढे कमरेत दुखू लागले, आणि माझ्या खांद्यांवरून येणारा वारा तिच्या हेल्मेटला लागतो तो वेगळाच. या गाडीला बसणारा बॅकरेस्ट मी मागवला आहे. दिवाळीला आम्ही दोघे बेळगावला जाणार आहोत. त्या वेळी निपाणीपर्यंत ती मागे कशी बसते हे पाहून त्याबद्दल लिहीन.