विद्यापीठात क्यूजीआयएस: घ्यावेच, पण डोळे उघडे ठेवून

एखाद्या विभागाला पुढच्या सत्रापासून जीआयएसचा (संगणकावर नकाशे आणि स्थानाशी जोडलेली माहिती हाताळण्याचा) पेपर सुरू करायचा असेल, तर सॉफ्टवेअर म्हणून क्यूजीआयएसच घ्यावे. परवाना मुक्त आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर ते चालते, त्यामुळे प्रयोगशाळेत केलेले काम विद्यार्थ्याला स्वतःच्या लॅपटॉपवर पुन्हा करून पाहता येते. आर्कजीआयएस प्रो या विकतच्या सॉफ्टवेअरला विंडोजच लागते, शिवाय परवान्यांचा हिशेब ठेवणारा माणूसही. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये क्यूजीआयएसचा प्रकल्प सुरू केला तेव्हा तो जेमतेम नकाशे पाहण्यापुरता होता. आता पदव्युत्तर अभ्यासक्रमाला लागणारे बहुतेक सगळे विश्लेषण त्यात होते.

तक्रार एकच, पण मोठी आहे. क्यूजीआयएस फार सोशिक आहे. डेटा चुकीचा असला तरी ते कुरकुर न करता सुबक नकाशा काढून देते, आणि नकाशा सुबक दिसला की मार्गदर्शकही फसतात.

याचे मूळ प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या पद्धतीत, आहे. वेगवेगळ्या सीआरएसमधले (निर्देशांक पद्धतींमधले) लेयर, म्हणजे नकाशाचे थर, क्यूजीआयएस आपोआप जुळवून दाखवते. पाहायला ही सोय छान. मोजमापाला मात्र घातक. ईपीएसजी ४३२६ (अंशांतल्या अक्षांश-रेखांशांची पद्धत) मधल्या लेयरवर बफर (ठरावीक अंतराचा वेढा) चालवून अंतर ५०० टाकले, तर ते ५०० मीटर नसून ५०० अंश असतात. खिडकीत एककाच्या जागी अंश लिहिलेले असते, शेजारी इशाऱ्याची खूणही असते. पण तिकडे कोणी बघत नाही. मग उपाय म्हणून विद्यार्थी 'सेट लेयर सीआरएस' वापरून लेयरला यूटीएमचे (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचे) लेबल लावतात. यात निर्देशांक बदलत नाहीत, फक्त त्यांचा अर्थ बदलतो. अंशांचे दोन-तीन आकडी अंक मीटर समजले जातात आणि उत्तर गोलार्धाच्या पट्ट्यात सगळा जिल्हा विषुववृत्तालगत एका ठिपक्यात जाऊन बसतो. खरे रूपांतर 'रीप्रोजेक्ट लेयर' करते, आणि ते नवा लेयर तयार करते. यूटीएमचा पट्टा काढायला रेखांशात १८० मिळवावे (पश्चिम रेखांश ऋण धरावे), बेरजेला ६ ने भागावे, अपूर्णांक टाकून १ मिळवावा.

पहिल्याच प्रात्यक्षिकात एक सराव जरूर ठेवावा. एकच बहुभुज ४३२६, ३८५७ (वेब नकाशांची पद्धत) आणि यूटीएम अशा तीन लेयरमध्ये ठेवून फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये '$एरिया' आणि 'एरिया($जिऑमेट्री)' अशी दोन्ही सूत्रे चालवावीत. पहिले सूत्र प्रोजेक्टच्या सेटिंगमधला एलिप्सॉइड (पृथ्वीचा किंचित चपटा गोल आकार) धरून क्षेत्रफळ काढते, म्हणून तिन्ही ठिकाणी उत्तर जवळजवळ सारखे येते. दुसरे सपाट कागदावरचे क्षेत्रफळ देते: ४३२६ मध्ये चौरस अंश, तर ३८५७ मध्ये फुगलेला आकडा. ६० अक्षांशावर हा फुगवटा सुमारे चौपट असतो. प्रबंधात क्षेत्रफळाचा तक्ता असेल, तर कोणते सूत्र वापरले हे परीक्षकाने विचारायलाच हवे.

फाइलींच्या बाबतीत शेपफाइल हा जुना प्रकार बंद करून जिओपॅकेज (सगळे एका फाइलीत ठेवणारा प्रकार) सक्तीचे करावे. शेपफाइल म्हणजे एक फाइल नव्हे. शेप, इंडेक्स, तक्ता आणि प्रक्षेपण अशा किमान चार फाइली बरोबर फिरतात, आणि विद्यार्थी त्यातली नेमकी एकच पाठवतात. स्तंभाच्या नावाला दहा बाइट मिळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, म्हणजे 'लोकसंख्या' हा शब्दसुद्धा मावत नाही. जिओपॅकेजचा त्रास वेगळा आहे. ते उघडे असताना शेजारी दोन तात्पुरत्या फाइली तयार होतात. तेवढ्यात मुख्य फाइल पेनड्राइव्हवर घेतली, तर शेवटच्या दुरुस्त्या तिच्यात नसण्याची शक्यता असते. आधी क्यूजीआयएस बंद करावे, मग कॉपी. सामायिक ड्राइव्हवरच्या एकाच फाइलीत अख्ख्या वर्गाला लिहायला लावणे तर टाळावेच; त्यासाठी पोस्टजीआयएस (अनेकांनी एकाच वेळी वापरायचा डेटाबेस) आहे.

तक्ते जोडताना 'जॉइन' रिकामा येतो, त्याचे कारण बहुधा संकेतांक असतो. नकाशात '००७' मजकूर म्हणून आहे आणि सीएसव्ही उघडताना त्याचा ७ झाला. फाइल आणताना स्तंभाचा प्रकार ओळखण्याचा पर्याय बंद केला की प्रश्न मिटतो.

दूरसंवेदनासाठी सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रे वापरत असाल, तर एनडीव्हीआयच्या (हिरवळीचे माप: निअर-इन्फ्रारेड आणि लाल मूल्यांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज) दोन खोड्या ठाऊक हव्यात. जीडीएएल या सोबत येणाऱ्या साधनसंचाच्या रास्टर (चित्रांच्या) कॅल्क्युलेटरमध्ये मूळ पूर्णांक तसेच वजा केले, तर ऋण उत्तराच्या जागी प्रचंड धन आकडा येतो. आधी दशांशात रूपांतर करावे. क्यूजीआयएसच्या स्वतःच्या कॅल्क्युलेटरमध्ये हा घोळ होत नाही. दुसरी खोडी अधिक लबाड आहे: जानेवारी २०२२ पासूनच्या नव्या प्रक्रियेत प्रत्येक मूल्यात १००० मिळवलेले असतात. वजाबाकीत ते कटतात, बेरजेत कटत नाहीत. जुनी आणि नवी चित्रे तशीच शेजारी ठेवली, तर हिरवळ घटल्याचा खोटा निष्कर्ष हाती येतो.

जुने नकाशे जिओरेफरन्स करताना (खऱ्या निर्देशांकांवर बसवताना) 'थिन प्लेट स्प्लाइन' ही पद्धत निवडली की नियंत्रण बिंदूंवरची (खरी जागा ठाऊक असलेल्या बिंदूंवरची) त्रुटी शून्य दिसते आणि सगळे खूश होतात. ती पद्धत प्रत्येक बिंदूला खेचून जागेवर बसवतेच, त्यामुळे त्या शून्यातून अचूकतेबद्दल काहीच कळत नाही. प्रथम घाताच्या बहुपदीला किमान तीन आणि द्वितीय घाताच्या बहुपदीला सहा बिंदू लागतात. त्याहून बरेच जास्त घ्यावेत आणि काही तपासणीसाठी बाजूला ठेवावेत.

सॉफ्टवेअर बसवताना सगळ्या संगणकांवर एकच एलटीआर (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती हवी. नवी आवृत्ती दर चार महिन्यांनी येते, तिच्यामागे धावू नये. प्लगइन (जोड-साधने) वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये बसतात. लॉगआउट होताच प्रोफाइल पुसणाऱ्या प्रयोगशाळेत ते दर तासाला गायब होणार, म्हणून सामायिक प्रोफाइल फोल्डर आधीच ठरवून ठेवावा.

संशोधनासाठी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मॉडेल डिझायनर. टूलबॉक्समधल्या पायऱ्या जोडून साखळी तयार करता येते, ती पायथनमध्ये काढता येते आणि प्रबंधाच्या परिशिष्टात जोडता येते. माउसने केलेल्या विश्लेषणाचा असा पुरावा मागे राहत नाही. जिथे क्यूजीआयएस खरोखर तोकडे पडते ते म्हणजे अवकाशीय सांख्यिकी. मोरान्स आय (शेजारच्या ठिकाणांची मूल्ये किती सारखी आहेत याचे माप) किंवा अवकाशीय रिग्रेशन मूळ संचात नाही. त्यासाठी तीच जिओपॅकेज फाइल जिओडा किंवा आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये उघडावी, आणि शेजारी कोणाला मानले, सामाईक सीमेवरून की अंतरावरून, हे निकालाबरोबर लिहावे. तो नियम बदलला की आकडाही बदलतो.