सोलापुरात हिवाळ्यासाठी पोहण्याचा पूल झाकून ठेवला : एका हंगामाचा अनुभव

दिवाळीनंतर पोहणं थांबलं की घरच्या पुलाचं काय करायचं, हे शोधायला गेलं तर बहुतेक सल्ला बर्फाळ देशांतला मिळतो. पाइपातलं पाणी हवेनं काढा, बुचं मारा, अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारं द्रव) ओता. तिकडं ते बरोबरच आहे, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं. आपल्याकडं डिसेंबरात रात्रीचा पारा साधारण १५-१६ अंशांपर्यंत उतरतो, लाट आली तर आणखी खाली. गोठण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्याला त्रास देतात ते धूळ, शेवाळ, डास आणि दिवसाचं ऊन. त्या हिशेबानं मी ताडपत्रीवाल्याकडून ६५० जीएसएमचं (चौरस मीटरला ६५० ग्रॅम वजनाचं) पीव्हीसी कव्हर शिवून घेतलं. नोव्हेंबरअखेर घातलं, फेब्रुवारी सरताना काढलं.

पूल २० बाय १० फुटांचा, सरासरी ४ फूट खोल, म्हणजे साडेबावीस हजार लिटरच्या आसपास. कव्हर चारी बाजूंनी दीड फूट जास्त घेतलं, कडेला पितळी आयलेट, काठाच्या फरशीत हुक आणि मध्ये ताणाची रबरी दोरी.

सगळ्यात मोठा फायदा पाण्याचा. पूल उघडा असताना थंडीतही आठवड्याला दोन बोटं पाणी उतरायचं. एवढ्या पृष्ठभागावर ते पाचशे-सहाशे लिटर होतं. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथं इतकं पाणी हवेत जाऊ देणं मनाला पटत नाही. कव्हर घातल्यावर टाइलवर पेन्सिलीनं खूण केली होती. महिन्यानं माळीकाकांनी कोपरा उचलून पाहिला आणि म्हणाले, “पाणी हललंच नाही की ओ मालक!” अगदी हललं नव्हतं असं नाही, पण खूण जेमतेम बोटाच्या पेरानं वर दिसत होती.

पूल बांधणाऱ्या ठेकेदारानं मात्र सांगितलं होतं, “रिकामा करून ठेवा, कटकट नको.” हा सल्ला कुणी ऐकू नये. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यानंतर ओल टिकून असते आणि भूजलही वर आलेलं असतं. आतलं पाण्याचं वजन गेलं की खालचा दाब टाकी वर उचलू शकतो, तळाला तडे जातात. शिवाय कोरड्या पुलाच्या टाइल उन्हानं सुटायला लागतात. पाणी आत राहू द्यावं.

झाकण्यापूर्वी पाणी नीट करणं हे खरं काम. आमचं बोअरचं पाणी जड. पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली याचं माप) चढला की टाइलवर पांढरा क्षार धरतो, म्हणून अ‍ॅसिड घालून तो ७.२ ते ७.६ मध्ये आणला. अ‍ॅसिड नेहमी पाण्यात ओतावं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. मग संध्याकाळी क्लोरीनचा जोरदार डोस दिला आणि ते ३ पीपीएमच्या (दहा लाख भागांत तीन भाग) खाली येईपर्यंत पूल उघडाच ठेवला. लगेच झाकलं तर कव्हर आतून खराब होतं. एक गोष्ट कळकळीनं सांगतो: क्लोरीनची पावडर आणि टीसीसीएच्या (क्लोरीनच्याच दुसऱ्या प्रकारच्या) गोळ्या कधीही एकत्र करू नका, एकाच डब्यानं मोजूसुद्धा नका. भडका उडतो.

मोटार पूर्ण बंद केली नाही. आपल्याकडं पाणी इतकं गार होत नाही की शेवाळ थांबेल. आमची मोटार तासाला दहा हजार लिटर फिरवते, त्यामुळं रोज सव्वादोन तासांत सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जातं. कव्हरखाली ऊन पोचत नसल्यानं क्लोरीन टिकतं, आणि डोस उन्हाळ्याच्या मानानं फारच थोडा लागला.

आता तक्रारी. कव्हर जड आहे, एकट्यानं निघत नाही. गाळप हंगामात हवेतून येणारी काजळी आणि देशी बदामाची लाल पानं त्यावर साचतात. अवकाळी सर आली की मध्ये खोलगट तळं होतं. ते तसंच राहिलं तर डेंग्यूचे डास त्यातच अंडी घालतात, म्हणून नळी लावून लगेच बाहेर काढावं लागतं. आणि पानांचा तो काळपट काढा पुलात सांडला तर सगळी मेहनत पाण्यात. आधी वरचं झाडून, उपसून घ्यायचं, मगच कोपरा सोडायचा.

हे कव्हर माणसाचं वजन पेलत नाही. लहान मूल त्यावर गेलं तर गुंडाळून आत जाईल, आणि वर साचलेलं वीतभर पाणीसुद्धा तान्ह्या मुलाला जिवावरचं आहे. घरात मुलं असतील तर कुंपण आणि कुलूप हवंच. कव्हरवर भरवसा ठेवू नका.

फेब्रुवारीअखेर काढलं तेव्हा तळाची टाइल स्पष्ट दिसत होती. पायऱ्यांच्या कोपऱ्यात थोडी हिरवी चिकट साय होती, कारण तिथं पाणी फिरत नाही. ब्रश मारला, फिल्टर उलटा धुतला, पाणी तपासलं आणि मार्चच्या पहिल्या उकाड्यात मुलं पाण्यात होती. कव्हर दोन दिवस उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून माळ्यावर टाकलंय. शिलाई शाबूत आहे, फक्त दक्षिणेकडच्या दोन आयलेटभोवती कापड ताणलंय. तिथं दुहेरी पट्टी मारून घेणार आहे आणि पुढच्या वेळी गुंडाळायला रोलर बसवणार.